चालकाचं झाकण

१

सव्वासहाला दार ओढून घ्यायचं, बसस्टँडच्या मागच्या रस्त्याने कॉलेजच्या मैदानापर्यंत चालायचं, रणगाड्याला एक फेरी मारायची आणि सातला परत येऊन चहा घ्यायचा, असा माझा जानेवारीपासूनचा क्रम होता. सैन्यातून निवृत्त होऊन सव्वीस वर्षं झाली, पण सकाळी कुठेतरी हजेरी लावल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आष्टीत मला ‘टँकवाले कर्नल’ म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, या गृहस्थाचे पाण्याचे टँकर असतील. उन्हाळ्यात दोन-तीन जण तरी नंबर लावायला घरी येऊन जातात.

रणगाडा रशियन बनावटीचा, छत्तीस टनांचा. लष्कराने मोडीत काढलेल्यांपैकी एक कॉलेजला मिळावा म्हणून प्राचार्य शिवशंकर गर्जे यांनी दोन वर्षं पत्रव्यवहार केला आणि पत्रांचे मसुदे मी लिहून दिले. आला तेव्हा आतलं इंजिन, तोफेची यंत्रं, सगळं काढून घेतलेलं होतं. माणसं आत-बाहेर करायची झाकणं वेल्डिंग करून बंद. वरचा बुरुज फिरू नये म्हणून त्यालाही चार ठिकाणी वेल्डिंगचे डाग दिले. आता ती एक पोकळ लोखंडी पेटी होती.

वेल्डिंगच्या दिवशी मी एकच हट्ट धरला. तोफेची नळी सरळ समोर ठेवायची नाही, उजवीकडे वळवून ठेवायची.

“साहेब, वाकडी दिसंल की,” गर्जे सर म्हणाले. “फोटोत सरळ बरी दिसती.”

मी कारण सांगितलं नाही. इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. नळी उजवीकडेच राहिली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, ती मला जरा कमी उजवीकडे वाटली.

२

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. वय पंच्याहत्तर, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं राहिलेलं. असा माणूस नळी सरकली म्हणतो तेव्हा आधी त्याचा चष्मा तपासावा. म्हणून बुधवारी मी एका गवंड्याचा ओळंबा मागून आणला, काठीने दोरी नळीच्या तोंडाला अडकवली आणि ओळंब्याचं टोक जिथे आलं तिथे खालच्या फरशीवर खडूने फुली मारली.

गुरुवारी ओळंबा फुलीच्या डावीकडे चार बोटं आला. मी दुसरी फुली मारली. शुक्रवारी पुन्हा चार बोटं.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. ऊन चढलं की लोखंड पसरतं. चबुतरा नवा आहे, एका अंगाला बसत असेल. सुट्टीत पोरं नळीला लोंबकळत असतील. छत्तीस टनांच्या गाडीला चार पोरं हलवू शकत नाहीत हे मला माहीत होतं, तरी ते कारण मी यादीत ठेवलं.

निवृत्तीनंतर मी हेच करत आलोय. मी रणगाड्यांचा इतिहास लिहितो. बाकीचे लढायांचा लिहितात, मी एकेका गाडीचा. कुठल्या कारखान्यातून निघाली, कुठल्या रेजिमेंटला मिळाली, आत कोण चार जण बसले, शेवटी तिचं काय झालं. प्रत्येक गाडीचं एक कार्ड. चारशे बारा कार्डं झालीत, त्यातून तीन पुस्तकं निघाली. नियम एकच, आतल्या दोघांनी वेगवेगळं बसून एकच गोष्ट सांगितली तर ती शाईने लिहायची, नाहीतर पेन्सिलने. या नियमापायी मी भल्याभल्यांच्या शौर्यकथा पेन्सिलीत ठेवल्यात आणि मोठमोठ्या लोकांशी वाकडं घेतलंय.

एका गाडीच्या कार्डावर मात्र फक्त नंबर आहे. ती माझी स्वतःची गाडी.

३

सहाव्या फुलीनंतर मी वेल्डिंगवाल्या लखनला बोलावून आणलं. डाग त्यानेच दिले होते. तो शिडी लावून वर चढला आणि चारही डागांवर बोट फिरवून आला.

“शाबूत हायेत, साहेब. केसाएवडी चीर न्हाई.”

“मग नळी सरकली कशी?”

“कुटं सरकली?”

मी फुल्या दाखवल्या. त्याने त्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज जरा मऊ केला. घरातल्या थकलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसा. “खडूचं काय खरं असतंय का, साहेब? आन् तुमी रोज मोजता कावून? जरा घरी पडावं.”

माझं समाधान व्हावं म्हणून त्याने हातोडी घेतली आणि पुढच्या तिरप्या पत्र्यावर, चालक बसतो त्या जागी, तीन ठोके मारले. डाग सुटला असेल तर पत्रा वेगळा वाजतो, तो म्हणाला. पत्रा नीट वाजला. लखन हातोडी पिशवीत टाकत होता तेव्हा आतून तीन ठोके आले.

मोठे नव्हते. दोन ठोक्यांमध्ये सारखंच अंतर ठेवून, सावकाश मारलेले. लखनचा हात पिशवीतच राहिला.

“घुमतंय,” लखन म्हणाला. “पोकळ हाय नव्हं आतून.”

“हो,” मी म्हणालो.

“आत काय ठिवलं न्हाई ना?”

“काही नाही.”

एवढं ऐकून तो निघाला. शिडी न्यायला त्याने दुसऱ्या दिवशी भावाला पाठवलं.

४

नळी उजवीकडे का ठेवली ते आता सांगायला हवं.

या बनावटीच्या रणगाड्यात चालक पुढे डाव्या अंगाला, एकटा बसतो. बाकी तिघं मागे बुरुजात, कमांडर, तोफ डागणारा गनर आणि गोळे भरणारा लोडर. चालकाच्या डोक्यावर त्याचं एकट्याचं झाकण असतं. ते आधी वर उचललं जातं आणि मग बाजूला सरकतं. तोफेची नळी त्या झाकणावर येऊन खाली झुकलेली असली तर ते उचललं जात नाही. म्हणून बुरुजातल्या माणसाने गाडी सोडण्याआधी नळी बाजूला घ्यायची, मग उडी मारायची. प्रशिक्षणात दुसऱ्याच दिवशी हे शिकवतात. मी पुढे अकरा वर्षं ते पोरांना शिकवलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात मी बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट, गाडीचा कमांडर होतो आणि माझा चालक होता नेकनूरचा ज्ञानोबा मस्के, हुद्द्याने सवार, म्हणजे रणगाडा दलातला शिपाई. रेजिमेंटमध्ये बीडकडचे आम्ही दोघंच. हेडसेटवर बाकीच्यांशी हिंदीत बोलायचा, माझ्याशी आपल्या बोलीत. “साहेब, म्होरं चिखल हाय, डावीकून घिऊ का?” हे त्याचं शेवटच्या दिवसाचं वाक्य मला आठवतं. मी म्हणालो, सरळ घे.

गाडी ओढ्याच्या चिखलात पोटापर्यंत रुतली. खालून बाहेर पडायचं झाकण चिखलाने बंद झालं. मग बुरुजावर गोळा बसला. गनर जागीच गेला. आत धूर झाला, गोळे ठेवतात त्या बाजूने आग दिसली. लोडरने उडी मारली, मी मारली. ओढ्याच्या काठावर पडल्यावर मी वर पाहिलं, तर नळी डाव्या अंगाला खाली झुकून नेमकी ज्ञानोबाच्या झाकणावर होती. मी ती बाजूला घ्यायचं विसरलो होतो.

गाडीतला दारूगोळा आठ मिनिटांनी उडाला. चौकशीत मी सांगितलं की पहिल्याच गोळ्यात चालक आणि गनर दोघेही गेले. लोडर उडी मारताना डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता, त्याने काही सांगितलं नाही. नंतर मी नेकनूरला ज्ञानोबाच्या बायकोला, दगडाबाईंना, स्वतः पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘त्यांना काहीही कळलं नाही.’

लोडर मागच्या वर्षी वारला. आता त्या गाडीतला मी एकटा उरलोय.

५

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गर्जे सर घरी आले. चबुतऱ्यावर संगमरवरी पाटी बसवायची होती आणि तिचा मजकूर त्यांनी टाइप करून आणला होता. जिल्ह्यातल्या रणगाडा दलातल्या शहिदाचं नाव त्यावर असावं, ही त्यांची कल्पना. नाव एकच होतं. ‘सवार ज्ञानोबा मस्के, रा. नेकनूर. शत्रूच्या गोळ्याने रणांगणावर तत्काळ वीरमरण.’

“तत्काळ हा शब्द हवा का?” मी विचारलं.

“तुमच्याच पत्रावरनं घेतलंय, साहेब. दगडाबाईंनी आजून जपून ठिवलंय ते. मी नेकनूरला गेलतो तवा काढून दावलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठिवलंय.” सर थांबले. “अनावरण त्येंच्याच हातानं करू. शनिवारी.”

मी कागद ठेवून घेतला आणि तपासून देतो म्हणालो.

“तपासायचं काय त्यात? पुरावा तुमीच की.” दारात चपला घालताना ते वळले. “आन् बरं झालं बगा, शेवटी तुमी नळी सरळ करून घेतली ते. आता कशी शोभती.”

फरशीवर त्या दिवशी बावीस फुल्या होत्या.

ते गेल्यावर मी कागद पुढे घेऊन बसलो. चारशे बारा गाड्यांच्या कथांमधली खोटी वाक्यं काढून टाकणारा माणूस मी. आता माझंच खोटं वाक्य दगडात कोरलं जाणार होतं आणि ज्या बाईसाठी ते लिहिलं तिच्याच हाताने त्याच्यावरचा पडदा निघणार होता. सांगावं तर तिचं उरलंसुरलं समाधान हिरावून घ्यायचं. न सांगावं तर शनिवारी तिच्या शेजारी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मला दोन्हीची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सांगण्याची जास्त वाटत होती, कारण ती भीती तिच्यासाठी नव्हती, माझ्या स्वतःसाठी होती.

६

गुरुवारी मी संध्याकाळी पाच वाजता मैदानावर गेलो. परीक्षा चालू होत्या, त्यामुळे मैदान रिकामं होतं. उन्हाने तापलेल्या पत्र्याला हात लागत नव्हता. ओळंबा लावायची गरजच उरली नव्हती. नळी सरळ रेषा ओलांडून डाव्या अंगाला आली होती आणि खाली झुकली होती. चालकाच्या झाकणात आणि तिच्यात तळहात जाईल एवढी फट होती.

मी चबुतऱ्यावर चढलो. जाड लोखंडाचे चारही डाग जागच्या जागी होते. मी प्रत्येकाला हात लावून पाहिला आणि बोटं भाजून घेतली.

चालकाच्या झाकणापुढे दोन जाड काचा असतात, बंद गाडीतून बाहेर बघण्यासाठी. त्या काढायच्या राहिल्या होत्या. वरून धूळ बसलेली. मी रुमालाने डावी काच पुसली आणि वाकून आत पाहिलं. अंधार होता, तो असायलाच हवा होता. मी सरळ होणार तेवढ्यात काच पांढुरकी झाली.

धूळ असेल म्हणून मी पुन्हा पुसली. पांढुरकेपणा आतल्या बाजूने होता. थंडीत बसच्या काचेवर आपला श्वास बसतो तसा तो पसरला, थोडा विरला, पुन्हा पसरला. आष्टीत त्या दिवशी एकेचाळीस अंश तापमान होतं. मी मोजणारा माणूस, म्हणून मोजत राहिलो. एक मोठा श्वास, मग दोन लहान.

मग आतून कुणीतरी बोटाने ती काच पुसली. एकच रेघ, डावीकडून उजवीकडे. बाहेर बघायला लागते तेवढीच जागा त्याने केली.

मी खाली उतरलो. कसा उतरलो ते आठवत नाही, पण गुडघा फुटला होता आणि रुमाल वरच राहिला होता. घरी येऊन मी आयोडीन लावलं आणि सगळे दिवे लावून बसलो, बाहेर अजून ऊन असताना.

७

शुक्रवारी सकाळी मी जाणार नव्हतो. सव्वासहा झाले, साडेसहा झाले, आणि मग मी निघालो. का ते मला सांगता येणार नाही. शिपायाला हजेरीच्या वेळी घरात बसवत नाही, एवढंच.

चबुतऱ्याच्या पायरीवर एक म्हातारी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ गेलो तशा त्या उठल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

“वळखलं का, साहेब? नेकनूरची.”

मी दगडाबाईंना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, बहात्तर साली. तेव्हा त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या.

“वहिनी, कार्यक्रम उद्या आहे.”

“म्हाईत हाय. उद्या माणसं लई असतील. मला निवांत बगायचं हुतं, म्हणून काल बीडला भाचीकडं येऊन ऱ्हायले, पहाटंच्या गाडीनं आले.” त्यांनी रणगाड्याकडे पाहिलं. “ते कुटं बसायचे?”

मी बोट दाखवलं. त्या पायऱ्या चढून वर आल्या, पुढच्या पत्र्यापाशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तेवढीच जागा बघत राहिल्या.

“एवड्याशा जागंत? उंच हुते ते.”

“हो. मान खाली घालून बसायला लागायचं.”

“आन् भाईर कुटनं यायचे?”

मी झाकण दाखवलं. नळी आता त्याला टेकली होती. फट उरली नव्हती.

“हिच्याखालनं?” त्यांनी नळीवर हात ठेवला. “ही असल्यावर कसं उगडायचं?”

शेतात राबलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. चौकशीच्या टेबलामागच्या तीन अधिकाऱ्यांनी बावन्न वर्षांपूर्वी जे विचारलं नाही ते तिने उभ्या उभ्या विचारलं. माझ्या खिशात पाटीचा कागद होता. मी म्हणू शकलो असतो की त्या दिवशी नळी अशी नव्हती.

“नाही उघडत,” मी म्हणालो. “नळी आधी बाजूला घ्यायला लागते. ते माझं काम होतं. मी विसरलो.”

त्या माझ्याकडे वळल्या.

“मंजी ते जित्ते हुते?”

“हो.”

“किती येळ?”

“आठ मिनिटं.”

कॉलेजच्या पलीकडून उसाची एक ट्रॉली गेली. त्यांनी नळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, “पत्रात तर तुमी लिवलतं…”

“खोटं लिहिलं होतं.”

“आमच्या मास्तरांनी चारदा वाचून दावलतं मला. त्यातल्या त्या एका वळीवर निजले मी इतकी वर्सं.” त्यांचा आवाज चढला नाही. “चुलीपाशी बसलं की वाटायचं, न्हाई, त्येंला न्हाई कळलं.”

मी माफी मागितली. ते शब्द इतके हलके होते की बोलताना मलाच लाज वाटली. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि पुढे होऊन चालकाच्या जागेवरच्या पत्र्यावर तळहात आणि कपाळ टेकवलं.

त्या बोलायला लागल्या. इतक्या हळू की शब्द लागत नव्हते. मी दोन पावलं मागे झालो, दुसऱ्याचं दुःख ऐकू नये म्हणून. त्या थोडं बोलायच्या आणि थांबायच्या. पुन्हा बोलायच्या, पुन्हा थांबायच्या. फोनवर बोलणाऱ्याचं आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं, तसं ते होतं. एकदा त्यांनी मान हलवली. एकदा “व्हय, व्हय” म्हणाल्या. मी स्वतःला सांगत होतो की म्हातारं माणूस आहे, आज एवढं ऐकलंय, आणि पोकळ लोखंडात आपलाच आवाज परत येतो. हे सगळं बरोबर होतं. तरी मी आणखी एक पाऊल मागे सरलो.

मग त्या सरळ झाल्या. कपाळावर धुळीचा डाग उठला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, त्याने मला जास्त भीती वाटली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ते म्हणतेत, तुमी समदं सांगितलं न्हाई.”

जगात हे कुणालाच माहीत नव्हतं. लोडर उडी मारून गेला होता, गनर मेलेला होता. मी विसरलो नव्हतो. धुरात हेडसेटमधून ज्ञानोबाचा आवाज येत होता, “साहेब, नळी. साहेब, नळी घ्या,” अगदी स्पष्ट, घाई न करता, मी ऐकतोय याची खात्री असल्यासारखा. नळी हाताने फिरवायचं हँडल माझ्यापुढेच होतं. गनरच्या खांद्यावरून हात घालून ते फिरवायला लागलं असतं, अर्धं मिनिट, फार तर पाऊण. आग माझ्या उजव्या हाताला होती. मी हात पुढे नेला होता. मग तोच हात मागे घेऊन मी हेडसेटची वायर उपटली, तो आवाज बंद व्हावा म्हणून, आणि वर चढलो.

मी चबुतऱ्यावर खाली बसलो.

“वहिनी,” मी म्हणालो, “त्यांचा आवाज मला…”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“मला नगं,” त्या म्हणाल्या. “त्येंला सांगा.”

आणि पिशवी उचलून त्या बाजूला सरकल्या, मला पत्र्यापाशी जागा करून द्यायला.